वाऱ्याचे ओझे आणि मोटारसायकलची काच

आरोग्याच्या हिशेबात आपण धूर धरतो, धूळ धरतो, ऊन आणि पाऊस धरतो. वारा मात्र सहसा धरत नाही. दुचाकीवरून दोन-अडीच तासांचा प्रवास करून घरी आलेला माणूस हेल्मेट काढतो, मान दोन्ही बाजूंना वळवून पाहतो, आणि त्याच्याशी कोणी बोलू लागले की थोडे मोठ्याने बोलायला सांगतो. या थकव्याचे खापर रस्त्यावर फोडले जाते, वयावर फोडले जाते, फार तर गाडीच्या आसनावर. त्यात वाऱ्याचा वाटा मोठा असतो आणि तो बऱ्याच अंशी कमी करता येतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या सदराकडे आलेल्या एका पत्रामुळे हा विषय आज घेतला आहे. पत्र लिहिणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले आहेत. आईवडील गावी असल्यामुळे दर शनिवारी ते पुण्याहून कराडच्या पुढे मोटारसायकलने जातात आणि रविवारी परततात. छातीवर येणारा वारा सोसेना, म्हणून त्यांनी गाडीला उंच काच बसवून घेतली. छातीवरचा मारा थांबला. परंतु डोके जोराने हलू लागले, कानातला घोंगावता आवाज वाढला आणि सोमवारी दुपारपर्यंत डोकेदुखी राहू लागली. घरची माणसे म्हणू लागली की दूरचित्रवाणीचा आवाज ते पूर्वीपेक्षा मोठा ठेवतात. ‘काच लावून त्रास वाढला, हे कसे?’ असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर हवेच्या वागण्यात आहे.

वारा किती जोर लावतो

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सरळ बसलेल्या स्वाराचे छाती, खांदे आणि डोके मिळून समोरून दिसणारे क्षेत्र ढोबळमानाने अर्धा चौरस मीटर धरले, तर ताशी 60 किलोमीटरला त्याच्यावर सुमारे 8 किलो वजनाइतका जोर पडतो. ताशी 90 किलोमीटरला तोच जोर सुमारे 19 किलोंवर जातो. वेग दीडपट झाला आणि ओझे दुपटीहून अधिक वाढले. समोरून वारा वाहत असेल, तर त्याचा वेगही गाडीच्या वेगात मिळवावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत, गाडी चालवणाऱ्यांना हे गणित न मांडताही कळते.

असे असले तरी एकसारखा जोर शरीर बऱ्यापैकी सोसते. पुढे किंचित झुकले की वाराच अंग तोलून धरतो. खरा त्रास बदलत्या जोराचा. एका क्षणी डोके मागे ढकलले जाते, दुसऱ्या क्षणी मोकळे सुटते, तिसऱ्या क्षणी बाजूला फेकले जाते. मानेच्या स्नायूंना प्रत्येक धक्क्याला उत्तर द्यावे लागते आणि हे काम तासन्‌तास, नकळत चालू राहते. हेल्मेटचे दीड किलोच्या आसपासचे वजन त्यात भर घालते. या हादऱ्यांपासून सुटका हा काच निवडण्यामागचा मुख्य हेतू असावा. नुसता वारा अडवणे हे त्या मानाने सोपे काम आहे.

हादरे कुठून येतात

पूर आलेल्या नदीतील पुलाच्या खांबाकडे पाहावे. खांबाच्या पुढे पाणी वेगात पण बरेचसे सरळ येते. खांब ओलांडल्यावर मात्र त्याचे भोवरे होतात आणि ते आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूंनी सुटत राहतात. हवाही अशीच वागते. थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी अशा भोवऱ्यांच्या रांगेचे गणित मांडले आणि ती रांग आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. उंच पोलादी धुरांड्यांच्या वरच्या भागाला कधी कधी नागमोडी पट्टी गुंडाळलेली दिसते, ती शोभेसाठी नसते. भोवऱ्यांची लय मोडावी आणि धुरांडे डोलू नये, म्हणून ती लावलेली असते.

मोटारसायकलच्या काचेवर हवा आदळते, वर चढते आणि काचेच्या कडेवरून सुटते. काचेमागे संथ हवेचा एक कप्पा तयार होतो. वरची हवा वेगवान आणि आतली संथ. या दोहोंच्या सीमेवर भोवरे जन्माला येतात. स्वाराचे डोके पूर्ण वरच्या वेगवान हवेत असेल, तर आवाज आणि दाब असतो, पण हादरे नसतात. डोके पूर्णपणे आतल्या संथ हवेत असेल, तर बराच शांतपणा लाभतो. आणि डोके नेमके सीमेवर आले, तर प्रत्येक भोवरा हेल्मेटवर येऊन आपटतो. आपल्या पत्रलेखकांचे बहुधा हेच झाले आहे. पूर्वी त्यांचे डोके स्वच्छ वाऱ्यात होते. नव्या काचेने छाती झाकली आणि भोवऱ्यांची सीमा वर उचलून नेमकी कपाळावर आणून ठेवली.

यात आणखी एक बारकावा आहे. काचेमागच्या कप्प्यातील दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे खालून, टाकीच्या बाजूंनी आणि मागूनही हवा आत ओढली जाते. ही हवा जॅकेटमधून वर चढून हनुवटीखाली हेल्मेटमध्ये घुसते. पाठीला मागून पुढे ढकलल्यासारखे वाटते, ते याच कारणाने. म्हणून काही काचांच्या खालच्या बाजूला मुद्दाम फट किंवा झरोके ठेवलेले असतात. तिथून थोडी हवा आत येऊ दिली की दाबातील तफावत घटते आणि भोवऱ्यांचा जोर ओसरतो. वारा अडवण्यासाठी घेतलेल्या काचेत वाऱ्यालाच वाट ठेवायची, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु सगळ्या फटी बुजवलेल्या काचेपेक्षा अशी काच पुष्कळदा सुखाची ठरते.

मोटारसायकल बनवणाऱ्यांनाही हे ज्ञान सहज लाभलेले नाही. बीएमडब्ल्यू कंपनीने 1976 साली आणलेल्या ‘आर 100 आरएस’ या गाडीचे संपूर्ण पुढचे आवरण इटलीतील पिनिनफारिना यांच्या पवनबोगद्यात तपासून घडवले होते. स्वाराला वाऱ्यापासून वाचवणे हा तिथे रचनेचा एक मुख्य हेतू होता. आपल्याकडे पवनबोगदा नसतो. परंतु रस्ता असतो, आणि थोड्या शिस्तीने पाहिले तर तोही बरेच सांगतो.

कानांचे नुकसान

या साऱ्यात परत न मिळणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ऐकू येणे. मान विश्रांतीने सुधारते, डोळे धुतल्याने निवतात. आंतरकर्णातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत.

इंग्लंडमध्ये 1990 च्या दशकात मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटमध्ये कानाजवळ ध्वनी मोजण्यात आला. ताशी 60 किलोमीटरच्या सुमारास तो 90 डेसिबलच्या आसपास होता आणि वेगाबरोबर वाढत ताशी 160 किलोमीटरला 110 डेसिबलपर्यंत गेला. हा आवाज इंजिनचा किंवा सायलेन्सरचा नसून हेल्मेटभोवती, विशेषतः हनुवटी आणि मानेजवळ, खवळणाऱ्या हवेचा आहे. महागडे आणि जाड हेल्मेट घेतले की तो बंद होईल, हा समज म्हणूनच फोल ठरतो. आवाज हेल्मेटच्या अंगावरच निर्माण होतो आणि त्याच्या कवचातून व खालून आत शिरतो.

कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेने घालून दिलेली शिफारस अशी आहे : 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, त्यापुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 88 डेसिबलला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास आणि 100 डेसिबलला केवळ 15 मिनिटे. पुण्याहून कराड गाठायला 15 मिनिटे पुरत नाहीत. दर आठवड्याला जाऊन-येऊन अनेक तास असा मारा सोसणाऱ्या कानांना प्रवासानंतर दडे बसल्यासारखे वाटते, बारीक शिट्टी ऐकू येते आणि सकाळपर्यंत ती थांबते. हे थांबणे फसवे असते. थकवा वारंवार येऊ लागला की त्यातला काही भाग कायमचा राहतो. प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ ही अक्षरे अस्पष्ट होतात, गर्दीत बोलणे समजेनासे होते आणि घरातील माणसे पुटपुटतात असे वाटू लागते.

काच चुकीच्या उंचीची असेल, तर हा आवाज वाढतो. भोवऱ्यांची सीमा हेल्मेटला घासत असेल, तर उघड्या वाऱ्यापेक्षाही अधिक गोंगाट होतो. पत्रलेखकांचा अनुभव म्हणून खोटा नाही.

काच योग्य असली तरी लांबच्या प्रवासात मऊ स्पंजचे कानबोळे वापरावेत. ते बोटांनी वळून बारीक करावेत, विरुद्ध हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत क्षणभर धरून ठेवावा. त्याने भोंगा ऐकू येणार नाही, अशी भीती व्यक्त केली जाते. बोळा वाऱ्याचा गोंगाट आणि भोंगा दोन्ही सारखेच कमी करतो. वेगात तर भोंगा गोंगाटातून अधिक स्पष्ट उमटतो. शहराच्या गर्दीत, कमी वेगात, ते काढून ठेवावेत. कानात संगीताची यंत्रे घालून गाडी चालवणे ही मात्र अगदी निराळी आणि धोक्याची गोष्ट आहे. तिची गल्लत यांच्याशी करू नये.

मान, डोळे, थंडी आणि एक जुना समज

मानेच्या मणक्यांची झीज ज्यांच्यात आधीच सुरू झाली आहे, त्यांना हादऱ्यांचा त्रास लवकर जाणवतो. दुखणे खांद्यातून हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सैल पडत असेल, तर काच बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

डोळ्यांचा प्रश्न मुख्यतः अश्रूंच्या थराचा आहे. वाऱ्याने तो थर झपाट्याने वाळतो, डोळा चुरचुरतो आणि उलट त्यातून पाणीच वाहू लागते. पाणावलेल्या डोळ्यांनी समोरचा खड्डा उशिरा दिसतो. हेल्मेटची पुढची पारदर्शक पट्टी खाली घेणे हा यावरचा पहिला उपाय. गाडीची काच दुसरा.

थंडीचे मोजमाप करता येते. हवेचे तापमान 10 अंश सेल्सिअस असताना ताशी 60 किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला सुमारे 5 अंशांसारखा बोचतो. निफाडच्या शिवारात जानेवारीच्या पहाटे निघणाऱ्याला हे सांगायला नको. गारठलेली बोटे ब्रेक उशिरा दाबतात. तेव्हा थंडीत छातीवरचा आणि हातांवरचा वारा अडवणारी रुंद काच ही चैन राहत नाही.

राहिला जुना समज : ‘कानात वारे शिरले आणि तोंड वाकडे झाले.’ चेहऱ्याच्या अर्ध्या भागाचा हा लुळेपणा चेहऱ्याच्या मज्जातंतूला आलेल्या सुजेमुळे होतो. त्याचा संबंध विषाणूंशी जोडला जातो आणि नेमके कारण प्रत्येक वेळी सापडतेच असे नाही. कानाला रुमाल बांधून तो टळत नाही. तो झाला तर वाऱ्याला दोष देत दिवस घालवू नयेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केलेल्या उपचाराचा लाभ अधिक होतो. शिवाय तोंड वाकडे होणे हे पक्षाघाताचेही लक्षण असू शकते. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

उंची कशी ठरवावी

काचेच्या निवडीत सर्वांत महत्त्वाची उंची, आणि ती गाडीपेक्षा स्वारावर अवलंबून असते. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाला सुखाची वाटलेली काच पाच फूट दहा इंचांच्या माणसाला छळू शकते. मित्राच्या गाडीवर छान वाटली म्हणून तीच घ्यावी, हा मार्ग म्हणूनच बेभरवशाचा आहे.

मूळ नियम एकच : काचेच्या वरून पाहायचे, आरपार पाहायचे नाही. हवा काचेच्या कडेवरून सुटताना वरच्या दिशेने उसळते, त्यामुळे काच डोक्याइतकी उंच असण्याची गरजच नसते. रोजचे बूट आणि हेल्मेट घालून, सपाट जागी, नेहमीच्या बैठकीत गाडीवर बसावे आणि घरातील कोणाला बाजूने पाहायला सांगावे. उंच काच घ्यायची असेल, तर तिची वरची कड नाक आणि हनुवटी यांच्या दरम्यान यावी आणि समोरचा दहा-पंधरा मीटरवरचा रस्ता कडेच्या वरून दिसावा. पावसात, धुक्यात आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत ओली किंवा चरे पडलेली प्लास्टिकची काच आंधळी होते. तेव्हा वरून पाहण्याची सोय हीच सुरक्षा असते.

खरेदीआधी आपल्या त्रासाचे निदान करून घ्यावे. रिकामा, सरळ आणि चांगला रस्ता, बेताचा वेग, मागे कोणी नाही, दोन्ही हात हँडलवर, अशा स्थितीतच पुढील गोष्टी कराव्यात. प्रथम आहे ती काच काढून काही किलोमीटर चालवून पाहावे. वारा जास्त पण हादरे कमी असे आढळले, तर दोष काचेचाच. मग काच लावून क्षणभर पाय फूटरेस्टवर रोवून आसनावरून थोडे उंच व्हावे. त्याने हादरे थांबले, तर तुमच्यासाठी काच बुटकी हवी, म्हणजे डोके स्वच्छ वाऱ्यात राहील. उलट, थोडे खाली वाकल्यावर हादरे थांबले, तर काच आणखी उंच हवी, म्हणजे डोके संथ हवेत येईल. किंचित पुढे झुकल्यावर बरे वाटत असेल, तर काच आपल्यापासून फार दूर आहे, असे समजावे. कानांचे मत घेताना घाई करू नये. निदान अर्धा तास चालवल्याखेरीज ते खरे कळत नाही.

बुटकी आणि उंच यांतील निवड प्रवासावर ठरते. शहरात आणि ताशी 50-60 किलोमीटरपर्यंतच चालवणाऱ्यांना काचेची फारशी गरज नसते. हवी तर छातीपुरती छोटी काच पुरते. महामार्गावर तासन्‌तास जाणाऱ्यांना उंच काच मानवते. अडचण होते ती ‘मधली घेऊन पाहू’ म्हणणाऱ्यांची. व्यवहारात मध्यममार्ग पुष्कळदा शहाणपणाचा असतो. इथे मात्र तोच डोके भोवऱ्यांच्या सीमेवर नेऊन ठेवतो.

कोन, रुंदी आणि फट

उंची जुळूनही थोडे हादरे उरले, तर नवी काच घेण्याआधी कोन बदलून पाहावा. काच अधिक उभी केली की हवा जास्त वर उसळते, पण भोवरेही जोमदार होतात. अधिक कललेली काच हवेला सौम्यपणे वळवते, पण संरक्षण खाली घसरते. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच हवेत तपासावा. बुडाच्या स्क्रूंखाली रबराच्या जाड चकत्या घालून काच थोडी पुढे सरकवली, तरी खालून हवेला वाट मिळते. वरच्या कडेला चिमट्याने अडकवायची छोटी जोडपट्टी मिळते. तिची उंची आणि कोन दोन्ही बदलता येतात आणि तिच्याखालची फट भोवरे सौम्य करते. अनेकांचे काम तेवढ्यावर भागते आणि मोठा खर्च टळतो.

रुंदी खांद्यांसाठी आणि हातांसाठी. रुंद काच थंडी-पावसात सुखाची. परंतु बाजूच्या वाऱ्यात ती शिडासारखी वागते. हँडलवर बसवलेली मोठी काच तर वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट हँडलला देते. हलक्या गाडीवर, मागे डिकी आणि बाजूंना सामानाच्या पिशव्या असताना, वेगात गाडी लडबडण्याचा धोका असतो. अशा वेळी वेग कमी करणे हाच उपाय. शक्य तिथे गाडीच्या सांगाड्यावर बसणारी काच निवडावी.

बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. काच टाकीला, ब्रेकच्या नळीला किंवा तारांना कुठेही घासता कामा नये. दिवा आणि दिशादर्शक झाकले जाऊ नयेत. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 ने वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घातली आहेत. म्हणून गाडीच्या उत्पादकाने त्याच गाडीसाठी दिलेली काच हा सर्वांत निर्धोक पर्याय. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सगळे स्क्रू पुन्हा तपासावेत, पण फार आवळू नयेत. प्लास्टिकला तडा छिद्रापासूनच जातो.

काच म्हणजे काच नव्हे

आपण तिला काच म्हणतो, पण ती बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. ॲक्रिलिक स्वच्छ दिसते आणि चरे कमी घेते, पण जोराच्या आघाताने फुटते. पॉलिकार्बोनेट आघाताला फार चिवट. मात्र वर कठीण लेप नसेल तर त्याच्यावर सहज चरे पडतात. पेट्रोल आणि काचा पुसण्याची अमोनियायुक्त द्रावणे यांचा त्याला स्पर्श होऊ देऊ नये. चिकटलेले कीटक खरवडू नयेत. ओले फडके दहा-पंधरा मिनिटे काचेवर टाकून ठेवावे, मग भरपूर पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे वाळूने घासणेच. गडद रंगाची काच दिवसा ऐटदार दिसते आणि रात्री घात करते. ध्रुवीकृत गॉगल घालणाऱ्यांना अशा प्लास्टिकमधून रंगीत पट्टे दिसतात. तो डोळ्यांचा दोष नव्हे.

मागे बसणाऱ्यांचा विचार

काचेची चर्चा नेहमी चालवणाऱ्याभोवती फिरते. मागचे आसन बहुधा उंच असते, त्यामुळे पुढच्यासाठी शांत झालेली हवा मागच्याच्या डोक्यावर आपटते. पत्नी, मुलगी किंवा वृद्ध वडील यांना मागे बसवून थोडे अंतर जावे आणि त्यांना विचारावे. त्यांची मान आणि त्यांचे कानही तितकेच मोलाचे आहेत. वाऱ्याने फडफडणारी ओढणी आणि पदर चाकात अडकण्याचे भय काच लावून संपत नाही. ते बांधूनच बसावे. आणि काचेचा आडोसा आहे म्हणून लहान मुलाला पुढे टाकीवर बसवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अचानक ब्रेक लागला तर तीच काच मुलाच्या चेहऱ्यासमोर असते. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मागे नेताना संरक्षक पट्टा, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा नियमाने आवश्यक आहे.

हेल्मेटविषयी इथेच सांगून टाकावे. सैल हेल्मेट उत्तम काचेमागेही डुगडुगते आणि उघड्या तोंडाचे हेल्मेट गोंगाट वाढवते. भारतीय मानक 4151 चे चिन्ह असलेलेच हेल्मेट विकण्याचे बंधन 1 जून 2021 पासून आहे. ते चिन्ह पाहावे, हेल्मेट घट्ट पण न टोचणारे असावे, गालांवर नीट बसावे. बसायला योग्य हेल्मेट नसेल, तर काचेवरचा खर्च पुढे ढकलावा आणि आधी ते घ्यावे.

ऋतू आणि रस्ता

आपल्याकडे एकच काच बारा महिने सुखाची राहत नाही. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात उंच काचेमागे हेल्मेट भट्टीसारखे तापते आणि घाम वाळत नाही. उघडा वाराही तिथे मित्र नसतो. हवा त्वचेपेक्षा गरम असली की तीच शरीराला उष्णता देते आणि घाम कळण्याआधीच उडून जातो. म्हणून उन्हाळ्यात काढता किंवा खाली सरकवता येणारी काच, सुती पूर्ण बाह्या, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी. कोकणच्या पावसात उंच काच छाती कोरडी ठेवते. पण तिच्या वरून दिसते ना, एवढे पुन्हा पाहावे.

काही हादरे कोणतीही काच थांबवत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना मनाई असल्यामुळे त्यांना जुन्या महामार्गांवर मालमोटारी आणि एसटीच्या गाड्यांच्या सोबतीने जावे लागते. अशा उंच वाहनामागे हवेचा मोठा खळबळाट असतो. त्याच्या मागे चिकटून चालल्याने डोके डुलते आणि पुढचा रस्ताही दिसत नाही. अंतर वाढवले की दोन्ही धोके एकदम कमी होतात, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. दर तासाभराने दहा मिनिटे थांबून हेल्मेट काढावे, खांदे फिरवावेत, कानांना शांतता द्यावी. वेग ताशी 90 वरून 75 वर आणला तर वाऱ्याचे ओझे जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरते. पुणे-कराडसारख्या अंतराला त्याची किंमत अर्ध्या तासाच्या आत असते.

पत्रलेखकांना सुचवायचे ते असे : नवी काच लगेच टाकून देऊ नये. उंच होऊन आणि खाली वाकून दोन्ही परीक्षा कराव्यात. उंच होताच बरे वाटले तर काच बुटकी करावी, खाली वाकून बरे वाटले तर कडेला जोडपट्टी लावावी, आणि बुडाशी फट ठेवून पाहावी. तोवर प्रत्येक फेरीला कानबोळे आणि थोडा कमी वेग. पण दूरचित्रवाणीचा आवाज वाढल्याचे घरच्यांनी सांगितले आहे, ती गोष्ट काचेच्या दुरुस्तीची वाट पाहत ठेवू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. ती वेदनारहित असते आणि थोड्या वेळात होते. कानातील शिट्टी प्रवासानंतर दिवसभर टिकत असेल, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर विलंब मुळीच नको. ऐकू येणे कमी होत चालल्याची पहिली खबर बहुधा घरातील माणसांनाच लागते. ती त्यांनी दिली, तर तिला कटकट न मानता तपासणीची आठवण मानावे.